मॉरिटानियाला निघण्याआधी: कोणता कागद आधी, कोणता नंतर

पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाचा व्हिसा राजधानी नुआकशॉटच्या विमानतळावर उतरून, रांगेत उभं राहून घ्यायचे दिवस संपले. ५ जानेवारी २०२५ पासून तिथे ई-व्हिसा सुरू झाला आणि ऑनलाइन मंजुरी हातात आल्याशिवाय निघता येत नाही. इंटरनेटवर त्याआधीची कितीतरी प्रवासवर्णनं अजून आहेत. ‘५५ युरो खिशात ठेवा, उतरल्यावर मिळून जातो’ असं ती सांगतात. लिहिणाऱ्यांनी त्या वेळी खरंच लिहिलं होतं, पण आज त्याच्या भरवशावर निघालात तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावं लागेल. आणि तिकीट काढताना एजंटला देशाचं नाव दोनदा सांगा. मॉरिशसला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, मॉरिटानियाला लागतो, आणि फोनवर ही दोन नावं सहज एकमेकांत मिसळतात.

एवढं असूनही व्हिसा हा या तयारीतला पहिला कागद नाही. पहिला पासपोर्ट, मग पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस, मग विमानाचा मार्ग आणि त्यानंतर व्हिसा. या क्रमासाठी मी आग्रही आहे, कारण इथे एका कागदावरचा नंबर दुसऱ्या कागदावर जातो. मधला एक बदलला की पुढचे सगळे पुन्हा करावे लागतात.

पासपोर्ट उघडून आधी शेवटची तारीख बघा. मॉरिटानियात पोचल्यापासून पुढे किमान सहा महिने तो चालू हवा. व्हिसाचं स्टिकर आणि येण्याजाण्याचे शिक्के यांसाठी दोन-तीन पानं कोरी हवीत. मुदत काठावर असेल तर नूतनीकरण आत्ताच करून घ्या, लस घेतल्यावर नको. लसीच्या प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक लिहिलेला असतो आणि नवा पासपोर्ट नवा क्रमांक घेऊन येतो.

आपल्या मराठी नावांचंही एकदा नीट बघून घ्यायला हवं. आपल्याकडे बहुतेकांच्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव वेगळ्या. तिकिटावर मात्र मधलं नाव गाळलं जातं, कधी तेच आडनाव होऊन बसतं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन यांत्रिक ओळी असतात, त्यांत नाव जसं आहे तसंच अक्षरन् अक्षर तिकिटावर, व्हिसाच्या अर्जात आणि लसीच्या प्रमाणपत्रावर उतरवा. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे किंवा लग्नानंतर बँकेत एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं अशी स्थिती आहे, त्यांनी हे आधीच निस्तरावं.

आता लस. या सगळ्या यादीत मी सर्वांत जास्त वेळ हिला देते, कारण हिचा संबंध तिकडे जाण्याइतकाच, किंबहुना जास्तच, भारतात परत येण्याशी आहे. मॉरिटानिया स्वतः पीतज्वराचं प्रमाणपत्र मागतो ते त्या आजाराचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे. भारत त्या देशांत नाही. त्यामुळे थेट भारतातून जाणाऱ्याला वाटतं, आपल्याला याची गरज नाही. पण भारत सरकारच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत मॉरिटानिया आहे. तिथून परतणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. भारतात या रोगाचा शिरकाव झालेला नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरांत आहे. आरोग्य खात्याची ही कडक भूमिका मला पूर्णपणे पटते. प्रवाशाने तिच्यातून पळवाट शोधू नये.

प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. खासगी दवाखान्यात ही लस घेऊन चालत नाही. सरकारमान्य केंद्रच लागतं. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय आणि बंदर आरोग्य कार्यालय अशी केंद्रं आहेत, आणि देशभरातल्या अधिकृत केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालय प्रसिद्ध करतं. एका कुपीत अनेकांचे डोस असतात. त्यामुळे बऱ्याच केंद्रांवर ठरावीक वारीच लस दिली जाते आणि आधी नाव नोंदवावं लागतं. मूळ पासपोर्ट घेऊन जा. प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका हातात पडली की तिथेच उभं राहून नाव, पासपोर्ट क्रमांक, लसीचा बॅच क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का तपासा. घरी आल्यावर चूक सापडली तर ती दुरुस्त करायला पुन्हा खेप पडते. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. लस न घेण्याचा सल्ला मिळाला तर परतल्यावर विलगीकरण होऊ शकतं, हे धरूनच प्रवासाचा विचार करावा. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. ११ जुलै २०१६ पासून दहा वर्षांची अट गेली आहे. आफ्रिकेच्या आधीच्या प्रवासातली पुस्तिका असेल तर ती शोधून काढा.

मॉरिटानियाचा दक्षिण भाग, सेनेगल नदीचा पट्टा, मलेरियाचा आहे. तिकडे जाणार असाल तर त्याच खेपेला गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्या.

विमानाचा मार्ग. मुंबईहून नुआकशॉटला थेट विमान नाही. इस्तंबूल, कॅसाब्लांका, पॅरिस यांपैकी कुठेतरी विमान बदलावं लागतं. नकाशावर हे सारखेच दिसतात, पण भारतीय पासपोर्टवर ते सारखे नाहीत. युरोपातल्या काही विमानतळांवर बाहेर पाऊल न टाकता विमान बदलायचं असलं तरी भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. हे नियम अधूनमधून बदलतात. तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर आणि विमान कंपनीकडे, अशा दोन्ही ठिकाणी खात्री करून घ्या. स्वस्तात पडतं म्हणून दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं काढणं मला या प्रवासात मुळीच मान्य नाही. सामान मध्ये उतरवून पुन्हा द्यायचं म्हणजे त्या देशात शिरावं लागतं आणि शिरायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो. मोरोक्कोलाही भारतीयांना व्हिसा लागतो. मुंबईपासून नुआकशॉटपर्यंत एकच तिकीट, सामान थेट शेवटच्या विमानतळापर्यंत, हेच बरं.

एवढं झालं की ई-व्हिसाचा अर्ज. तो सरकारी संकेतस्थळावरच करा, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट एमआर’ असतं. शोधयंत्रावर वर येणाऱ्या जाहिराती बहुतेकदा मध्यस्थांच्या असतात आणि ते जास्तीचे पैसे उकळतात. पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्वच्छ स्कॅन, पांढऱ्या पार्श्वभूमीचा ताजा फोटो, परतीचं तिकीट आणि राहण्याचं ठिकाण एवढी सामग्री आधीच एका फोल्डरमध्ये जमवून ठेवा. फोनने काढलेल्या फोटोत पासपोर्टच्या चकाकीमुळे क्रमांक पुसट होतो, म्हणून स्कॅनच द्या. हॉटेलचं नाव आणि फोन नंबर खरे असू देत. नुआकशॉट आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे, त्यामुळे हॉटेलला फोन करायचा तर आपली दुपार उलटल्यावर करा. व्यवसायाच्या रकान्यात खरं तेच लिहा. पत्रकार, चित्रीकरण करणारे किंवा कुठल्या संस्थेच्या कामाला जाणारे यांनी पर्यटक म्हणून जाऊ नये. वेळ लागला तरी योग्य परवानगी घ्यावी.

अर्ज निदान तीन आठवडे आधी करावा असं माझं मत आहे. मंजुरी काही दिवसांतही येते, पण अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा करायला अवधी हवा. मंजुरीचं पत्र आलं की त्याच्या दोन छापील प्रती काढा. फोनमधल्या फाइलवर विसंबू नका. हे पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. नुआकशॉटच्या उम तूनसी विमानतळावर बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात, शुल्क भरावं लागतं, मग पासपोर्टवर स्टिकर लागतं. शुल्कासाठी युरोच्या रोख नोटा ठेवा: नव्या, न फाटलेल्या, शाईचा डाग नसलेल्या. सुटे नेमके असले तर उत्तम.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ऑक्टोबर २०२४ मध्ये मॉरिटानियाला गेल्या तेव्हा दोन्ही देशांत व्हिसामाफीचा करार झाला, हे अनेकांनी वाचलेलं असतं. ती माफी राजनैतिक आणि अधिकृत पासपोर्टवाल्यांना आहे. तुमच्याआमच्या निळ्या पासपोर्टला नाही.

जमिनीवरून शिरणाऱ्यांनाही मंजुरी आधीच लागते. सेनेगलकडून रोसो या सीमेवरच्या गावी सेनेगल नदी बोटीने ओलांडावी लागते, आणि तिथे दलालांचा फार त्रास होतो. जियामाच्या बंधाऱ्यावरून जाणारी वाट त्या मानाने शांत आहे. उत्तरेकडून येताना पश्चिम सहारा आणि मॉरिटानिया यांच्या चौक्यांमध्ये कुणाच्याच ताब्यात नसलेला पट्टा लागतो आणि त्यात भूसुरुंग आहेत. रुळलेली वाट सोडून, फोटोसाठीसुद्धा, एक पाऊल बाजूला टाकू नका.

देशात शिरल्यावर कागदांचं काम संपत नाही. शहराबाहेरच्या प्रत्येक रस्त्यावर पोलीस आणि जाँदार्मरीच्या, म्हणजे लष्करी धर्तीच्या पोलीस दलाच्या, चौक्या आहेत. चौकीवर गाडी थांबते, जवान खिडकीशी येतो आणि हात पुढे करून म्हणतो, ‘फीश’. त्याला तुमच्या माहितीचा कागद हवा असतो. एका पानावर पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत, त्याखाली व्हिसा क्रमांक, देशात आल्याची तारीख, व्यवसाय, कुठून निघालो, कुठे चाललो आणि गाडीचा नंबर. हा कागद तो ठेवून घेतो. कागद नसेल तर सगळं वहीत हाताने उतरवून घेतलं जातं आणि मागच्या गाड्या खोळंबतात. अतार, शिंगेती, वादान असा आद्रार या वाळवंटी प्रांताचा फेरफटका करायचा तर माणशी तीसेक प्रती लागतात. व्हिसाचा क्रमांक स्टिकर लागल्यावरच कळतो, म्हणून त्याची आणि गाडीची जागा कोरी ठेवून बाकी सगळं फ्रेंचमध्ये टाइप करून इथूनच झेरॉक्स काढून न्या. वाळवंटात झेरॉक्सचं दुकान शोधायची वेळ येऊ नये.

पैशांचं गणित निघण्यापूर्वीच जुळवावं लागतं, कारण रुपये तिथे कुणी बदलून देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एका प्रवासात ३००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात. त्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि पावती जपून ठेवा. नुआकशॉटमध्ये काही एटीएम आंतरराष्ट्रीय कार्ड घेतात, पण वाळवंटात सगळा व्यवहार रोखीचा. चलन उगिया. २०१८ च्या सुरुवातीला तिथे जुने दहा उगिया म्हणजे नवा एक असा बदल झाला, पण बाजारात अजून जुन्या हिशेबाने किंमत सांगितली जाते. आकडा दहापट मोठा वाटला तर आधी विचारा, नवे की जुने.

सामानात दारूची बाटली नको, ड्यूटी फ्रीमधली भेटवस्तू म्हणूनसुद्धा नको. तो देश इस्लामी प्रजासत्ताक आहे आणि दारू आणायलाच बंदी आहे. ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय नेलात तर जप्त होतो. चौक्या, सैनिक, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका, आणि माणसांचे काढायचे तर विचारून. रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. मेतकूट, भाजणी, खाकरा नेणाऱ्या शाकाहारी मंडळींनी ते कारखान्याच्या बंद पाकिटांत न्यावं. तिथलं जेवण भात, मासे आणि मटणाचं आहे, त्यामुळे न्यायलाच हवं.

विमा काढताना वाळवंटातून उचलून रुग्णालयात नेण्याचा खर्च त्यात आहे का आणि मॉरिटानियाचं नाव वगळलेलं नाही ना, या दोन ओळी शोधून वाचा. काही पॉलिसी परराष्ट्र खात्यांनी धोक्याच्या ठरवलेल्या भागांत लागू होत नाहीत. याचा थेट संबंध तुम्ही कुठे जाता याच्याशी आहे. आद्रारचा भाग, नुआकशॉट ते नुआदीबूचा किनारा आणि आर्गीनच्या पक्ष्यांचं राष्ट्रीय उद्यान हा नेहमीचा प्रवाशांचा मार्ग. पूर्वेला मालीची सीमा आहे. जुलै २०२५ मध्ये मालीच्या कायेस भागातल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांचं अपहरण झालं, आणि कायेस मॉरिटानियाच्या सीमेला लागून आहे. वलाता आणि तिशीत ही जागतिक वारशाच्या यादीतली गावं पूर्वेकडे आहेत. ती कितीही बोलावत असली तरी सध्या त्या बाजूला जाऊ नये असं मी कळकळीने सांगते.

नुआकशॉटमध्ये आता भारताचा दूतावास आहे. निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावरून आणीबाणीचा फोन नंबर उतरवून घ्या आणि तुमच्या तारखा, मार्ग, तिथल्या वाटाड्याचा नंबर त्यांना ईमेलने कळवा. हीच माहिती, पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि पिवळ्या पुस्तिकेच्या प्रतींसह, घरच्या एका माणसाकडे कागदावर ठेवा. आद्रारमध्ये दोन-दोन दिवस फोनला रेंज नसते, हे त्या माणसाला आधीच सांगून ठेवा. किती दिवस फोन आला नाही तर दूतावासाला कळवायचं, तेही त्याच कागदावर लिहा.