पावसाआधी म्हशींचा गोठा सावरा : घटसर्पाची लस आणि नव्या जनावराचे तीन आठवडे

मृगाचा पाऊस पडला की ‘संध्याकाळी धार दिली आणि सकाळी म्हैस गेली’ असे दरवर्षी कानावर येते. अनेकदा त्यामागे घटसर्प हा जनावरांचा जंतूंमुळे होणारा रोग असतो. १०६-१०७ अंश ताप, गळ्याखाली गरम, दुखरी सूज, श्वासाची घरघर, तोंडातून लाळ. एवढे दिसू लागल्यावर हातात फार तर काही तास उरतात. गायीपेक्षा म्हशीला हा रोग जास्त झोडपतो, त्यातही सहा महिने ते दोन वर्षांच्या रेडकांना आणि वगारींना.

याचे जंतू काही धडधाकट जनावरांच्या घशातही दबून असतात. जनावर उन्हाने पोळले, टेम्पोत दाटीवाटीने उभे राहून आले, अर्धपोटी राहिले किंवा पावसात भिजले की ते उसळतात. म्हणून म्हशीचे हाल टाळणे हा रोग रोखण्याचाच भाग आहे.

लस मे महिन्यातच टोचून घ्या. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. ढग भरून आल्यावर दवाखान्यात धावलात तर ते दिवस मिळत नाहीत. लस बर्फातूनच आणा. ताप आलेल्या जनावराला टोचू नका, गाभण म्हशीबाबत डॉक्टरांना विचारा. लाळ्या-खुरकुताची सहामाही लस राहिली असेल तर तीही याच वेळी विचारून घ्या.

आता नवी म्हैस. बाजारातून आणलेली म्हैस थेट दावणीला बांधण्याची सवय मोडा. तीन आठवडे तिला वेगळ्या छपरात ठेवा. बादली, दोर, खराटा सगळे वेगळे. आधी घरच्या म्हशींच्या धारा काढा, तिची धार शेवटी. नंतर हात-पाय साबणाने धुवा. जागा नसेल तर आंब्याखाली बांधा, पण गव्हाण आणि पाण्याचा हौद एक नको. व्यापारी, धार काढणारे, शेजारचे गोठेवाले यांनाही थेट आत घेऊ नका. दाराशी पाय बुडवायला धुण्याच्या सोड्याचे ४ टक्के पाणी पसरट भांड्यात ठेवा आणि ते रोज बदला.

म्हशीला घाम कमी येतो, त्यात कातडी काळी. डुंबायला स्वच्छ पाणी नसेल तर दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारा, प्यायला सावलीतले पाणी सतत समोर असू द्या. पंढरपुरी म्हशींची शिंगे तलवारीसारखी लांब असतात. दाटीने बांधल्या तर एकमेकींना जखमी करतात, तेव्हा दोघींत अंतर राखा. तळ खडबडीत आणि उताराचा हवा, मूत साचता कामा नये. धार काढल्यावर सडांना जंतुनाशक लावा आणि वैरण टाका, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहील आणि सडाची तोंडे मिटतील.

रेडकू मेले म्हणून पान्ह्यासाठी रोज इंजेक्शन टोचणे बंद करा. त्यापेक्षा रेडकू जगवा. जन्मताच नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, पहिल्या दोन तासांत पोटभर चीक पाजा आणि दहाव्या दिवशी डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्या. नर रेडकाच्या वाट्याचा चीकही तोडू नका.

संशयित जनावर लगेच बाजूला काढा आणि पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. मेलेच, तर कातडे काढू नका, ओढ्यात टाकू नका. विहिरीपासून लांब सहा फूट खोल खड्डा घ्या, वर-खाली चुना टाकून पुरा.