ह्यांची सोशल सिक्युरिटी सुरू करण्याआधी

नवरा गेल्यावर तेरावा होतो न होतो तोच कुणीतरी सांगतं, "तुमची साठ पूर्ण झाली ना? मग भाऊजींची सोशल सिक्युरिटी सुरू करून टाका." म्हणजे अमेरिकेत नवऱ्याच्या कमाईवर विधवेला मिळणारी सरकारी पेन्शन. स्वतःची कमाई नसलेल्या बाईला हा सल्ला बहुतेक वेळा चालून जातो. पण जी डबे देते, केटरिंग करते, ब्लाउज शिवते किंवा घरात पाळणाघर चालवते, तिने फोन उचलण्याआधी एक आठवडा हातात घ्यावा. न्यू जर्सीत मी लोकांचे टॅक्स भरून देते, आणि जास्तीचे दिलेले पैसे परत मागणारं सरकारी पत्र पर्समध्ये घालून दरवर्षी एखादी तरी काकू माझ्यासमोर येऊन बसते. चूक हिशेबाची नसते. धंद्याचा नफा एकच असला तरी तो तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी मोजला जातो, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

सुरुवात जुन्या टॅक्स रिटर्नपासून करा. मागच्या तीन वर्षांची रिटर्न काढा आणि शेड्यूल सीवर, म्हणजे धंद्याच्या नफ्यातोट्याच्या फॉर्मवर, नाव कुणाचं आहे ते पाहा. आपल्याकडे पहाटे चारला उठून कणीक मळणारी बायको असते आणि कागदावर धंदा नवऱ्याचा असतो. असं वर्षानुवर्षं झालं असेल तर कमाईपोटी जमा होणारी पेन्शनची सगळी क्रेडिट त्यांच्याच खात्यावर गेलेली असतात. स्वतःच्या पेन्शनला ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांची कमाई लागते. सोशल सिक्युरिटीच्या साइटवर स्वतःचं खातं उघडून आपल्या नावावर काय जमा आहे ते छापून ठेवा. तुमचीही बरी पेन्शन बसत असेल तर आधी त्यांची घेऊन स्वतःची ७० पर्यंत वाढू देता येते, किंवा आधी स्वतःची घेऊन नंतर त्यांच्या पेन्शनवर जाता येतं. विधवेला ही मोकळीक आहे, नवरा-बायको दोघं असताना ती नसते. त्यांची पेन्शन ६०व्या वर्षी घेतली तर ७१.५ टक्के मिळते. १९६२ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाईला पूर्ण रक्कम ६७व्या वर्षी.

धंदा ह्यांच्या नावावर होता आणि तुम्ही तो पुढे चालवणार असाल, तर ते गेले त्या दिवशी मिक्सर, ओव्हन, व्हॅन, शिलकी माल यांची बाजारभावाने किंमत किती होती ते लिहून घ्या, शक्य तर फोटोसकट. वारशाने आलेल्या यंत्राची किंमत त्या दिवसापासून नव्याने धरली जाते आणि घसाराही नव्याने सुरू होतो. हा कागद नंतर कुणी बनवून देत नाही.

आता पहिला आकडा. ज्या वर्षी ६७ पूर्ण होतात त्याच्या आधीच्या वर्षांत पेन्शन घेऊन कमाई चालू असेल तर २०२६ साठी मर्यादा २४,४८० डॉलर आहे. त्यावरच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर रोखला जातो. नोकरीत पूर्ण पगार धरतात, धंद्यात खर्च वजा जाता उरलेला नफा. समजा डब्यांचा नफा ३६,००० आणि त्यांची पेन्शन महिना १,८००. मर्यादेवरचे ११,५२०, त्यातले अर्धे, म्हणजे ५,७६० डॉलर रोखले जाणार. पण सोशल सिक्युरिटी ते दर महिन्याला थोडे थोडे कापत नाही. वर्षाच्या सुरुवातीचे पूर्ण चेकच अडवते. इथे चार महिने खात्यात काहीच येणार नाही, आणि जास्तीचं कापलेलं पुढच्या वर्षी परत मिळेल. त्या चार महिन्यांचं घराचं भाडं कुठून द्यायचं ते आधी ठरवा. नफा ६७,६८० वर गेला तर ही सगळीच पेन्शन अडते. रोखलेले पैसे बुडत नाहीत. जेवढे महिने अडले तेवढे हिशेबात धरून ६७ला पेन्शन वाढवून देतात. तरीही माझं मत विचाराल तर, धंदा जोरात असताना केवळ "मिळतंय ना" म्हणून साठीला सुरू करण्यात काही हशील नाही.

पहिल्या वर्षापुरती मात्र एक सवलत आहे. वर्षभरात कितीही कमावलेलं असो, ज्या महिन्यात तुम्ही धंद्यात खरोखर राबला नाहीत त्या महिन्याचा पूर्ण चेक मिळू शकतो. राबणं म्हणजे साधारणपणे महिन्याला ४५ तासांच्या वर काम. कौशल्याचा किंवा मोठा धंदा असेल तर १५ तासांच्या वरही विचारतात. म्हणून एक साधी वही घ्या आणि रोजचे तास लिहा, फोनवर ऑर्डर घेतल्याचेसुद्धा. लग्नसराईत उन्हाळाभर केटरिंग करून सप्टेंबरपासून थांबणारी बाई सप्टेंबरपासूनच पेन्शन सुरू करू शकते. जून, जुलैमधली कमाई त्या महिन्यांच्या आड येत नाही.

यावर अनेकींच्या डोक्यात एक युक्ती येते: धंदा सुनेच्या नावावर करायचा आणि पोळ्या आपणच लाटायच्या. करू नका. घरच्या घरी हस्तांतर झालं की सोशल सिक्युरिटी मुद्दाम चौकशी करते. सून खरोखर सगळं चालवणार असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा आकडा धंद्याच्या स्वतःच्या टॅक्सचा. पेन्शन घेत असलात तरी सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स सुटत नाही. नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के, म्हणजे ३६,००० वर साधारण ५,०८७ डॉलर. त्याचा अर्धा भाग उत्पन्नातून वजा होतो.

तिसरा आकडा सगळ्यात फसवा. पेन्शनवर टॅक्स लागतो का हे पाहताना निम्मी पेन्शन आणि बाकीचं सगळं उत्पन्न यांची बेरीज करतात. एकटीसाठी २५,००० पर्यंत काही नाही, त्यापुढे निम्म्यापर्यंत आणि ३४,००० च्या पुढे ८५ टक्क्यांपर्यंत पेन्शन करपात्र. यातली २५,००० ची मर्यादा १९८३च्या कायद्यातली आहे, ३४,००० ची १९९३च्या. महागाईबरोबर बाकी सगळं वाढलं, ह्या दोन जागच्या हलल्या नाहीत. आपल्या उदाहरणात नफ्यातून अर्धा टॅक्स वजा करून ३३,४५७, रोखलेले ५,७६० वजा जाता वर्षाची पेन्शन १५,८४० आणि तिचे निम्मे ७,९२०. बेरीज ४१,३७७. त्यामुळे पेन्शनचे सुमारे १०,७७० डॉलर करपात्र होतात. आता हीच बाई सेप आयआरएमध्ये, म्हणजे धंदेवाल्यांच्या करसवलतीच्या निवृत्ती खात्यात, ५,००० टाकते. उत्पन्न ५,००० ने खाली येतं, आणि पेन्शनचा करपात्र भागही ४,२५० ने घटतो. पण पहिल्या आकड्यातले ५,७६० एका डॉलरनेही कमी होत नाहीत, कारण तिथे धंद्याचा नफाच पाहतात आणि सेपची वजावट त्यानंतरची असते. तेच ५,००० खरोखर लागणाऱ्या ओव्हनवर खर्च करून त्याच वर्षी वजा घेतले, तर तिन्ही आकडे उतरतात. ओव्हन नको असताना घेऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

ते गेले त्या वर्षीचं रिटर्न जोडीने भरता येतं आणि तेव्हा मर्यादा ३२,००० आणि ४४,००० असतात. पुढच्या वर्षी घरात अवलंबून असलेलं मूल नसेल तर तुम्ही एकट्या धरल्या जाता. तोच नफा, तीच पेन्शन आणि टॅक्स जास्त. म्हणून जुनी आयआरए मोडायची किंवा दुकान विकायचं असेल तर शक्य तेवढं त्याच वर्षी उरका. दुकान विकून झालेला फायदा पहिल्या आकड्यात येत नाही, तिसऱ्यात येतो. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या एफडीचं आणि पीपीएफचं व्याज यांचंही तसंच. भारतातली खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्मही भरायचा आहे, आणि ह्यांची कुठली खाती होती हे बऱ्याच घरांत ते गेल्यावरच कळतं. न्यू जर्सी राज्य सोशल सिक्युरिटीवर टॅक्स घेत नाही, तेवढा दिलासा. ६५च्या आत असून आरोग्यविमा सरकारी मार्केटप्लेसवरून घेतलेला असेल तर त्याची सवलत ठरवताना मात्र पेन्शन पूर्ण धरतात, करपात्र असो वा नसो.

टॅक्सचे हप्ते १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला. धंद्यातल्या रोख पैशांतून ते बाजूला राहत नसतील तर डब्ल्यू-फोर-व्ही फॉर्म भरून पेन्शनमधूनच ७, १०, १२ किंवा २२ टक्के कापायला सांगा.

ह्यांच्या पेन्शनचा अर्ज ऑनलाइन होत नाही. फोन करून वेळ घ्यावी लागते. जवळ ठेवायचं ते असं: मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती, दोघांचे सोशल सिक्युरिटी नंबर, तुमचा जन्मदाखला, लग्नाचं सर्टिफिकेट आणि ह्यांचं शेवटचं रिटर्न. लग्न गावी झालं आणि नोंदणी राहून गेली असेल तर आधी तेच काम हाती घ्या, त्याला महिने लागतात. पण कागद अपुरे म्हणून फोन लांबवू नका. ६७च्या आत मागच्या महिन्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत, आणि अर्ज करायचाय असं सांगितल्याची तारीख नोंदवून घेतली तर तीच पुढे धरतात. ती तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव त्याच तासांच्या वहीत लिहा. यंदाचा नफा किती होईल असं विचारतील तेव्हा भीतीने कमी सांगू नका. थोडा चढाच सांगा, आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी अपेक्षेपेक्षा जास्त आल्या तर नोव्हेंबरात पुन्हा फोन करून आकडा बदलून घ्या.