हलणारी जीआयएफ फॅक्सवर पाठवायची असेल तर

आमच्या काकांच्या कापसाच्या जीनवरच्या मशीनचा गिअर फिरता फिरता नेमका कुठं अडतो ते दाखवायला भावानं एक छोटी जीआयएफ बनवली, आणि पार्ट बनवून देणारी पार्टी म्हणे आम्हाला फॅक्सच करा. मी अमळनेरला बसून ती तशीच एका कन्व्हर्टरमध्ये टाकली, कागद निघाला तो बघून काका म्हणाले, "हाई काय शे भो, नुसता काया डाग!" मग दोन संध्याकाळी बसून जे जमलं ते सांगतो, सगळं गिम्पमध्ये होतं, म्हणजे चित्रं एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि गिम्प फुकट आहे.

फॅक्सला हलणं तर कळत नाहीच पण राखाडीसुद्धा कळत नाही, एक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. म्हणून आधी ठरवा की जीआयएफमधले कुठले क्षण दाखवायचेत. आम्हाला तीन पुरले, दात लागायच्या आधी, अडकला तेव्हा, आणि सुटल्यावर.

गिम्पमध्ये फाइल उघडली की प्रत्येक फ्रेम, म्हणजे हलण्यातलं एकेक चित्र, वेगळी लेयर (थर) दिसते, पण लगेच पाचवी लेयर उचलू नका, कारण बऱ्याच जीआयएफमध्ये नंतरच्या फ्रेममध्ये फक्त बदललेला तुकडाच असतो, बाकी सगळं रिकामं. माझा पहिला घोटाळा हाच. फिल्टर्समध्ये ॲनिमेशन, त्यात अनऑप्टिमाइज करा, मग प्रत्येक फ्रेम पूर्ण होते. त्यानंतर मोड ग्रेस्केल करा, जीआयएफ इंडेक्स्ड म्हणजे ठराविक रंगांच्या यादीवर चालते, आणि त्यावर थ्रेशोल्ड (राखाडीचं काळं-पांढरं करणारं टूल, पुढे लागेल) चालत नाही. पारदर्शक जागा असेल तर बॅकग्राउंडचा रंग पांढरा ठेवून अल्फा चॅनल (पारदर्शकतेची माहिती) काढून टाका.

आता माप. ग्रुप ३ फॅक्सची, म्हणजे नेहमीच्या फोन लाइनवरच्या फॅक्सची, एक ओळ १७२८ ठिपक्यांची असते, फाइन (बारीक) मोडला ए४ ची उंची साधारण २२८७ ओळी. एवढा पांढरा कॅनव्हास घ्या, तिन्ही फ्रेम मोठ्या करून एकाखाली एक लावा, बाजूला १, २, ३ असे ठळक आकडे टाका आणि कडेनं ८० ठिपके तरी मोकळे सोडा, म्हणजे एक सेंटीमीटर. प्रिंट साइझमध्ये दोन आकडे जोडणारी साखळी तोडून आडवं २०४, उभं १९६ (इंचाला ठिपके) भरा. स्टँडर्ड मोडला उभं फक्त ९८ असतं, बारीक रेघा तिथं मरतात, म्हणून फाइनच.

मग लेयर्स एकत्र करून कलर्समध्ये थ्रेशोल्ड, आणि इथं घाई करू नका बरं का, पट्टी हळूहळू सरकवत दात आणि रेघा स्पष्ट होईपर्यंत बघत राहा. पिवळे बाण ग्रेस्केलला जवळपास पांढरे होतात आणि इथं गायबच होतात, ते आधी काळे करून घ्या.

शेवटी मोड इंडेक्स्ड, त्यात ब्लॅक अँड व्हाइट १ बिट पॅलेट, आणि डिदरिंग (ठिपके विखरून राखाडीचा भास करणं) नन. डिदरिंगनं चित्र स्क्रीनवर फार छान दिसतं म्हणून मोह होतो, पण फॅक्स एकसलग काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून पाठवतो. पूर्ण पांढरी ओळ साध्या हफमन कोडिंगमध्ये (पट्टीच्या लांबीला ठरलेला कोड देणारी फॅक्सची पद्धत) १७ बिटांत जाते, तेच एक काळा एक पांढरा अशा ठिपक्यांची ओळ असेल तर दोन ठिपक्यांना ९ बिट, म्हणजे ओळीला ७७७६ बिट, सेकंदाला ९६०० बिटांच्या स्पीडला एकाच ओळीला पाऊण सेकंदाच्या वर! अख्खं पान तसं असेल तर अर्धा तास लाइन अडकली. फोटोच पाठवायचा असेल तर डिदरिंगमध्ये फ्लॉइड-स्टाइनबर्ग हा प्रकार घ्या, ड्रॉइंगला अजिबात नको.

कॉम्प्युटरवरूनच फॅक्स करणार असाल तर एक्सपोर्ट टिफ या फाइल प्रकारात, कॉम्प्रेशन सीसीआयटीटी ग्रुप ३ फॅक्स. हा पर्याय १ बिट केल्याशिवाय चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा. दुकानातल्या मशीनवरून पाठवणार असाल तर टिफची गरज नाही, हेच पान प्रिंट करा आणि मशीनवर फाइन दाबा.

आमचं पान दुसऱ्या खेपेला गेलं आणि तासाभरात पार्टीचा फोन आला, "२ नंबरच्या चित्रातला डावीकडचा दात, बरोबर ना?"