एक्मोवरच्या पेशंटची गुंगी: आधी सर्किटचं वय विचारा

एक्मोच्या (रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन घालून परत सोडणाऱ्या यंत्राच्या) ड्युटीवर नव्याने येणारे रेसिडेंट आणि सिस्टर एका गोष्टीने हमखास चक्रावतात. सिरिंज पंप चालू, लाइन जागेवर, फेन्टानिल-मिडाझोलम या वेदना आणि गुंगीच्या औषधांचा रेट नेहमीपेक्षा चढा, तरी पेशंट व्हेंटिलेटरशी झगडतोय.

कारण एक्मोच्या सर्किटमधल्या पीव्हीसीच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटरचा पडदा चरबीत विरघळणारी औषधं धरून ठेवतात. प्रयोगशाळेत नुसतं रक्त फिरवलेल्या सर्किटच्या चाचणीत (२०१२) २४ तासांनी सरासरी ३ टक्के फेन्टानिल आणि १३ टक्के मिडाझोलम उरलं. मॉर्फिन होतं तेवढंच राहिलं. प्रोपोफॉल मात्र फेन्टानिलसारखंच अडकतं. पण या आकड्यांवरून डोस काढायला बसू नका. पेशंटचं लिव्हर, किडनी आणि सूज त्या चाचणीत नव्हती. बाळांमध्ये प्राइमने (सर्किटमध्ये आधीच भरलेल्या द्रवाने) औषध पातळ होण्याचाही मोठा वाटा असतो: ३ किलोच्या बाळात रक्तच जेमतेम पाव लिटर.

सर्किटची नळी थरथरू लागली आणि फ्लो पडला की हात आपोआप फ्लुइडकडे जातो. त्याआधी पेशंटकडे बघा. खोकला किंवा तळमळीनेही ड्रेनेज कॅन्युलावर (रक्त बाहेर ओढणाऱ्या नळीवर) शीर चिकटते. दुखतंय का, ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइड ठीक आहे का, हे तपासा आणि मग आरएएसएस (गुंगी-तळमळीचा स्कोर) नोंदवा. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर आरएएसएसला अर्थ नाही.

गुंगी खरंच कमी असेल तर नुसता रेट वाढवून थांबू नका, त्याचा परिणाम दिसायला तास जातात. प्रौढाला युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे छोटा बोलस, म्हणजे एकदम दिलेला डोस (फेन्टानिल २५–५० मायक्रोग्रॅम), द्या, पाच मिनिटं थांबा, मग रेट एक पायरी वर. तरीही गरज चढतच राहिली तर सीनियरशी बोलून कमी डोसचं केटामाइन किंवा मॉर्फिन जोडा. किडनी बंद असेल तर मॉर्फिन नको, त्याचे सक्रिय घटक साचतात. प्रोपोफॉल ताशी ४ मि.ग्रॅ./किलोच्या वर सलग दोन दिवस चालवू नका. ट्रायग्लिसराइड बघत राहा.

उलटा घोळ पुढे होतो. सर्किट औषधाने हळूहळू भरत येतं, पहिल्या दिवशीचा रेट मात्र तसाच राहतो. मिडाझोलम शरीरात साचतं आणि पेशंट दिवसचे दिवस उठत नाही. म्हणून रोज रेट उतरवून बघायचा. सर्किट बदललं की नळ्या पुन्हा कोऱ्या, आणि गुंगी अचानक उतरू शकते. त्या दिवशी बोलस भरून हाताशी ठेवा, आणि बदलाची वेळ औषधांच्या चार्टवरच लिहा.