आजोळची तलवार: पातं कुठलं, मूठ कुठली?

खंडेनवमीला पुजल्या जाणाऱ्या तलवारीवर शेंदराचे थर बसलेले असतात. ते काढायला रेजमाल घेऊ नका. आमच्या मामांनी घेतला आणि पातं घडवणाऱ्याचा अर्धा ठसा उडाला. मशीनचं तेल लावा, रात्रभर ठेवा आणि सुती फडक्याने पुसा.

मुठीवरून निकाल देऊ नका. आपल्याकडे पातं मुठीत लाखेने बसवायचे, त्यामुळे मूठ केव्हाही बदलता येई. आमची मूठ अस्सल देशी, मोगऱ्यावर (मुठीच्या टोकाच्या बोंडावर) गज, म्हणजे सुळक्यासारखा दांडा असलेली. पातं मात्र सरळ आणि त्यावर तीन अरुंद पन्हळी. १६व्या-१७व्या शतकांत युरोपातून अशी पाती येत आणि इथे त्यांना मूठ चढे. म्हणूनच ती ‘फिरंगी’.

आता विजेरी आडवी धरून मुठीजवळची वीतभर जागा पाहा. चार-पाच ओरखड्यांचा धावता लांडगा दिसला तर पासाऊ किंवा झोलिंगेन, म्हणजे जर्मनी. दातेरी कोयत्यांची जोडी दिसली तर जेनोवा, म्हणजे इटली. पण लगेच हुरळू नका! हे ठसे खपतात हे देशी लोहारांनाही ठाऊक होतं. पात्यावरची अक्षरं उलटी किंवा निरर्थक असतील तर नकलेचा संशय घ्या.

पात्यात पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, म्हणजे जौहर, दिसली तर युरोप विसरा. ते पोलाद बहुधा हिंदुस्थानी किंवा इराणी. ते पाहायला घरी आम्ल लावू नका, तज्ज्ञाकडे न्या.

आमच्या पात्यावर लांडग्याचे मागचे दोन पाय उरलेत. बाकीचा रेजमालात गेला.