एचआयव्हीची गोळी चुकली तर काय करायचं: तासांचा हिशेब

गोळी घ्यायची राहिली हे लक्षात आलं की आधी पुढच्या गोळीला किती तास उरलेत ते मोजा. आत्ता घ्यायची की सोडून द्यायची, हे त्या आकड्यावर ठरतं. घाबरून दोन गोळ्या एकदम घेऊ नका, आणि ‘आता कालची गेलीच’ म्हणून हातातला दिवसही सोडू नका.

जगभर मोठ्या प्रमाणावर दिली जाणारी गोळी म्हणजे टीएलडी. तिच्यात टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम अशी तीन औषधं असतात. डोल्युटेग्रॅव्हिरचा, म्हणजेच टीएलडीचा, नियम सोपा आहे. पुढच्या गोळीला 4 तासांहून जास्त वेळ असेल तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळेलाच घ्या. 4 तास किंवा त्याहून कमी उरले असतील तर राहिलेली गोळी सोडून द्या.

समजा तुमची वेळ रात्री 9 ची आहे. सकाळी 7 वाजता आठवलं, तर लगेच घ्या आणि रात्री 9 ला पुन्हा घ्या. दुपारी 3 ला आठवलं तरी हेच करायचं. मधे फक्त 6 तास राहतात, पण एखाद्या दिवशी तेवढं अंतर चालतं. संध्याकाळी 6 ला आठवलं तर मात्र थांबा आणि 9 ला नेहमीची एकच गोळी घ्या.

सगळ्या औषधांची मर्यादा सारखी नसते. बिक्टेग्रॅव्हिर असलेल्या गोळीला ठरलेल्या वेळेपासून 18 तासांपर्यंत उशीर झाला तरी ती घेता येते. रिल्पिव्हिरिन आणि दिवसातून एकदा घ्यायचं डारुनाव्हिर यांना 12 तासांची मर्यादा आहे, आणि ही दोन्ही खाण्यासोबतच घ्यावी लागतात. उशिरा आठवलं म्हणून रिल्पिव्हिरिन उपाशीपोटी घेतलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. एफाव्हिरेन्झ झोपताना, रिकाम्या पोटी घेतात. राहिलेली गोळी दिवसा घ्यायची वेळ आली तर चक्कर आणि गुंगी येऊ शकते, म्हणून त्या दिवशी गाडी चालवू नका. तुमच्या बाटलीतल्या माहितीपत्रकात वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा.

एखादी गोळी चुकल्याने इतकं बिघडत का नाही, आणि सलग चुकल्या की का बिघडतं? डोल्युटेग्रॅव्हिरचं रक्तातलं प्रमाण साधारण 14 तासांनी निम्म्यावर येतं. टेनोफोव्हिर पेशींच्या आत कित्येक दिवस टिकून राहतं. त्यामुळे एका चुकलेल्या दिवसाला थोडा आधार असतो. पण गोळ्या सलग राहिल्या की तिन्ही औषधं वेगवेगळ्या वेगाने ओसरतात आणि काही काळ एखादंच औषध, तेही अपुरं, उरतं. विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि त्या उरलेल्या औषधाला न जुमानणारे विषाणू मागे राहतात. एफाव्हिरेन्झच्या बाबतीत हा धोका जास्त, कारण ते रक्तात बरेच दिवस रेंगाळतं आणि विषाणूतल्या एकाच बदलाने निकामी होऊ शकतं. डोल्युटेग्रॅव्हिर त्या मानाने चिवट आहे. तरीही औषध पूर्ण बंद पडलं तर बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, 2 ते 4 आठवड्यांत पुन्हा वर येतो, काहींचा त्याआधीच.

घेतली की नाही?

ही शंका गोळी विसरण्याइतकीच नेहमीची आहे. बाटलीत 30 गोळ्या असतात. नवी बाटली उघडली त्या दिवसाची तारीख झाकणावर लिहा. शंका आली की उरलेल्या मोजा: 1 तारखेला उघडलेल्या बाटलीत 10 तारखेची गोळी घेतल्यावर 20 उरायला हव्यात. 21 दिसल्या आणि आधी एखादी चुकलेली नसेल, तर आजची राहिली आहे. आणखी सोपी युक्ती म्हणजे गोळी घेतली की बाटली उलटी ठेवायची आणि सकाळी उठल्यावर सरळ करायची. वारांचे कप्पे असलेली डबी उत्तम, पण तिच्यात एका आठवड्यापुरत्याच गोळ्या काढा. बाकीच्या मूळ बाटलीत राहू द्या आणि आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका.

मोजूनही उलगडा झाला नाही तर? टीएलडीची एखादी जादा गोळी एखाद्या वेळी पोटात गेली तर सहसा त्रास होत नाही. पण शंका आली की एक जास्त घ्यायची, ही सवय लावू नका. टेनोफोव्हिरचा भार मूत्रपिंडावर पडतो.

गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा एक घ्या. तासानंतर झाली तर टीएलडी पुन्हा घ्यायची गरज नाही. रिल्पिव्हिरिनसाठी हीच मर्यादा 4 तासांची आहे आणि पुन्हा घेताना खाणं हवंच. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर उपचार केंद्राला कळवा.

घेतलेली, पण न लागलेली गोळी

काही डोस तुमच्या नकळत वाया जातात. डोल्युटेग्रॅव्हिर पोटात अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि लोह यांना चिकटतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. आम्लपित्तावरच्या पातळ औषधांत आणि चघळायच्या गोळ्यांत बहुतेक वेळा हीच द्रव्यं असतात. म्हणून अशा औषधाच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर डोल्युटेग्रॅव्हिर घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी मात्र जेवणासोबत घेत असाल तर डोल्युटेग्रॅव्हिर त्याच वेळी घेतलेलं चालतं. उपाशीपोटी असाल तर तेच 2 आणि 6 तासांचं अंतर ठेवा. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम रोज सुरू असतं, तेव्हा याकडे विशेष लक्ष हवं. रिल्पिव्हिरिन घेणाऱ्यांनी ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधं अजिबात घेऊ नयेत.

क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन डोल्युटेग्रॅव्हिरचं प्रमाण बरंच खाली आणतं. म्हणून टीएलडीच्या 12 तासांनंतर डोल्युटेग्रॅव्हिरची 50 मिलिग्रॅमची वेगळी गोळी देतात. ही दुसरी गोळी फार जणांकडून राहते, कारण ती जोडीची, कमी महत्त्वाची वाटते. ती तितकीच महत्त्वाची आहे. रिफाम्पिसिन संपल्यावरही ती 2 आठवडे चालू ठेवायची असते. फिटवरच्या कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनचाही असाच परिणाम होतो, तेव्हा अशी औषधं सुरू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

अनेक दिवस चुकले असतील तर

सगळ्या औषधांची नेहमीचीच मात्रा आजपासून पुन्हा सुरू करा. मागची भरपाई करायची नाही. याला दोन अपवाद आहेत. नेव्हिरापिन 7 दिवसांहून जास्त बंद असेल तर ते पहिल्यासारखंच कमी मात्रेपासून सुरू करावं लागतं, थेट पूर्ण मात्रा घेऊ नका. अबाकाव्हिर खंडित झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. आणि ताप, पुरळ, धाप अशा त्रासामुळे, अॅलर्जीच्या संशयाने ते बंद केलं असेल तर पुन्हा कधीच घेऊ नका, कारण दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर खंड आणखी महाग पडतो: टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन तो आजारही दाबून ठेवतात आणि ती बंद झाली की यकृताला अचानक सूज येऊ शकते.

महिनोन्‌महिने औषध बंद असेल, तरी परत जा. रागावतील या भीतीने खूप जण दूर राहतात आणि तेवढ्या काळात प्रतिकारशक्ती घसरत जाते. गेल्यावर ‘किती गोळ्या चुकल्या’ याचं खरं उत्तर द्या. व्हायरल लोड वाढलेला दिसला आणि गोळ्या नियमित आहेत असं तुम्ही सांगितलंत, तर डॉक्टर औषध निकामी झालं असं समजून चांगलं चालणारं औषध बदलू शकतात.

व्हायरल लोड मोजण्याइतका न उरलेल्या, रोज औषध घेणाऱ्या माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. सलग गोळ्या चुकल्या की ही खात्री राहत नाही. पुन्हा तपासणी होऊन अहवाल येईपर्यंत कंडोम वापरा.

वेळ कोणती निवडावी? जी गोष्ट तुमच्याकडून रोज होतेच, तिला गोळी जोडा. टीएलडी खाऊन किंवा न खाता, कशीही चालते. डोल्युटेग्रॅव्हिरने झोप उडत असेल तर सकाळी घ्या. रात्रीची वेळ सकाळवर आणताना मधली गोळी लवकर घ्या, उशिरा नको: काल रात्री 9 ला घेतली असेल तर आज सकाळी 9 ला. दूरच्या देशात जाताना वेळेचा फरक पडतो, तेव्हाही हेच करा. बाटली हातातल्या बॅगेत ठेवा, कारण सामानाची बॅग मागे राहू शकते. दारू प्यायलात त्या रात्रीही गोळी घ्यायचीच. दारूमुळे गोळी टाळत राहिलात तर नुकसान नक्की आहे. ऑपरेशनआधी उपाशी राहायला सांगितलं तर गोळीचं काय करायचं ते स्पष्ट विचारा, बहुधा घोटभर पाण्यासोबत घेऊ देतात. दवाखान्यात भरती होताना स्वतःची बाटली सोबत न्या.

बाटलीत 10 गोळ्या उरल्या की नवी आणा. शेवटच्या दिवशी केंद्र बंद असलं किंवा साठा संपलेला असला, तर तुमची काही चूक नसताना खंड पडतो.