स्ट्रूपचा प्रयोग मराठीतून करताना

तृतीय वर्षाच्या मुलांची मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं मी २६ वर्षं घेतली. पहिला प्रयोग दर वर्षी हाच असायचा. रंगांची नावं भलत्याच रंगात लिहायची आणि प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला, शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावायचा. जॉन रिडली स्ट्रूप यांनी हा प्रयोग १९३५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. नुसत्या १०० चौकोनांचे रंग सांगायला त्यांच्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले, विसंगत शब्दांच्या शाईचे सांगायला ११०.३. सामान जाड कागद, स्केचपेनं आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढंच, पण संशोधन पद्धतीची बहुतेक मुळाक्षरं यावर गिरवता येतात.

कागद कापण्याआधी वहीत एक वाक्य लिहा : ‘विसंगत शब्दांच्या कार्डावर रंग सांगायला चौकोनांच्या कार्डापेक्षा जास्त वेळ लागेल.’ हे तुमचं गृहीतक. खाली तारीख घाला. निकाल पाहून मागाहून लिहिलेलं गृहीतक मी कधीच मान्य केलं नाही. आपण मुद्दाम बदलतो ते कार्ड, म्हणजे स्वतंत्र चल. मोजतो ते सेकंद, म्हणजे परतंत्र चल. चुकाही मोजा, कारण काही जण वेग राखतात आणि चुका वाढवतात.

दोन्ही कार्डांवर ४०-४० खुणा, रंगांचा क्रम तोच, ओळी तेवढ्याच. फरक एकच : इथे चौकोन, तिथे शब्द. लाल, निळा, हिरवा, काळा हे रंग घ्या. पिवळा नको, ट्यूबलाइटखाली पांढऱ्या कागदावर तो नीट दिसत नाही. शिरोरेषाही शब्दाच्याच शाईने ओढा. एका मुलीने सगळ्या रेघा आधी काळ्या पेनाने आखून घेतल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक शब्दात दोन रंग झाले आणि कार्ड पुन्हा करावं लागलं. आपल्या भाषेची आणखी एक गोष्ट : ‘लाल’ तसाच राहतो, पण ‘हिरवा’चं हिरवी, हिरवं होतं. घाईत कुणी ‘हिरवं’ म्हणालं तर ते बरोबर धरायचं की चूक, हे आधीच ठरवा. मी बरोबर धरते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गाने सर्व प्रयुक्तांना आधी चौकोन दिले, मग शब्द. आकडे सुरेख आले. बहिःस्थ परीक्षकांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, “मॅडम, दुसरं कार्ड अवघड होतं म्हणून वेळ लागला, की ते दुसरं होतं म्हणून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. थकवा, कंटाळा, सराव, यांतलं काहीही त्या सेकंदांत मिसळलेलं असू शकत होतं. तेव्हापासून २० प्रयुक्त असतील तर २० चिठ्ठ्या, दहांवर ‘आधी चौकोन’, दहांवर ‘आधी शब्द’. चिठ्ठी प्रयुक्ताने उचलायची. मैत्रीण आहे म्हणून तिला सोपं आधी, असं करायचं नाही.

प्रयुक्ताचं शिक्षण कोणत्या माध्यमात झालं तेही नोंदवा. हा अडथळा येतो तो वाचन आपोआप होतं म्हणून. देवनागरी अक्षर जुळवत वाचणाऱ्याला शब्द बाजूला ठेवणं सोपं जातं, आणि फरक कमी आला तर त्याचं कारण तिथेही असू शकतं.

बसवण्याआधी काय करायचं आहे, किती वेळ लागेल आणि मध्येच थांबता येईल हे सांगून संमती घ्या. गृहीतक मात्र शेवटी सांगा. कुणाला लाल-हिरव्यात फरक कळत नसेल, तर ते चारचौघांत बोलू नका. आभार मानून त्याला मोकळं करा. वहीत नावं नकोत, प्र. १, प्र. २ पुरे.

मग प्रत्येकाच्या दोन वेळांतला फरक काढा आणि सगळ्या फरकांचं मध्यमान, म्हणजे सरासरी, घ्या. एकदा एका मुलाच्या वहीत मला १९च ओळी दिसल्या. प्र. ७ ने शब्दांचं कार्ड चौकोनांपेक्षा २ सेकंद लवकर संपवलं होतं. “हे चुकलं असणार” म्हणून त्याने ती ओळ खोडली होती. स्टॉपवॉच नीट चाललं होतं, सूचना त्याच दिल्या होत्या. मी त्याला पेन दिलं, ती ओळ पुन्हा लिहायला लावली आणि मध्यमान नव्याने काढून घेतलं. थोडं खाली आलं. त्याच्या वहीवर मी सही केली ती त्या आकड्याखाली.